बांगलादेश आणि व्हिएतनाम: शिलाई कामगाराच्या मजुरीची तुलना नेमकी कशी करायची?

मोजपट्टी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बांगलादेश आणि व्हिएतनाम इथल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतली मजुरी आणि कामाची परिस्थिती यांची तुलना करणारं टिपण लिहायला घेतलं आहे. बांगलादेशात डिसेंबर २०२३ पासून किमान वेतन महिना १२,५०० टका आहे. व्हिएतनाममध्ये १ जानेवारी २०२६ पासून पहिल्या (सर्वाधिक वेतनाच्या) विभागात ते ५३ लाख १० हजार डोंग आहे. डॉलरला १२२ टका आणि २६,००० डोंग असा ढोबळ दर धरला, तर बांगलादेशचे १०२ डॉलर आणि व्हिएतनामचे २०४ डॉलर होतात. म्हणजे सरळ दुप्पट.

एवढं लिहून थांबणं मात्र पटत नाही. ढाक्यात राहणं स्वस्त आहे म्हणून फरक एवढा नाही, असं काही जण म्हणतात. बांगलादेशात जादा कामाला दुप्पट दर मिळतो आणि व्हिएतनाममध्ये दीडपटच, त्यामुळे हातात पडणारी रक्कम जवळपास सारखी होते, असंही वाचलं. तेव्हा विचारायचं असं की पगाराची तुलना कोणत्या पायावर करावी? आणि कामाच्या परिस्थितीत काय काय मोजावं, कारण कायद्याची पुस्तकं दोन्हीकडची वाचायला चांगलीच आहेत.

---

श्रमगणित

तुमचा भागाकार बरोबर आहे, पण भाज्य आणि भाजक एका जातीचे नाहीत. १२,५०० टका ही सगळे भत्ते धरून आलेली एकूण रक्कम आहे. व्हिएतनामचे ५३.१ लाख म्हणजे करारात त्या कामासाठी लिहिलेल्या पगाराचा तळ. भत्ते त्यात मोजता येत नाहीत, ते वर द्यावे लागतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

१२,५०० ची फोड अशी आहे: मूळ पगार ६,७००, घरभाडे ३,३५० (मूळ पगाराच्या निम्मे), वैद्यकीय भत्ता ७५०, प्रवास ४५०, जेवण १,२५०. ही फोड टिपणात जशीच्या तशी द्या, कारण बांगलादेशात पुढचा बहुतेक हिशेब मूळ पगारावर चालतो आणि मूळ पगार एकूण रकमेच्या जेमतेम ५४ टक्के आहे. २०१३ च्या ५,३०० टक्यांत तो ३,००० होता आणि २०१८ च्या ८,००० टक्यांत ४,१००. म्हणजे २०१३ मध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१८ मध्ये ५१ वर घसरलं आणि २०२३ मध्ये थोडं सावरलं. एकूण रकमेचा आकडा वर्तमानपत्रात मोठा दिसतो, पण कामगाराच्या दृष्टीने ही अंतर्गत वाटणी तितकीच महत्त्वाची आहे.

आता जादा कामाच्या दुप्पट दराकडे या. सूत्र असं: मूळ पगार भागिले २०८, गुणिले २. (आठवड्याचे ४८ तास, वर्षाचे ५२ आठवडे, भागिले १२ महिने, म्हणून २०८.) ६,७०० ÷ २०८ = ३२.२१ टका आणि त्याची दुप्पट ६४.४२ टका. पण त्याच कामगाराला नेहमीच्या वेळेत तासाला मिळतात १२,५०० ÷ २०८ = ६०.१० टका. म्हणजे ज्याला कायदा दुप्पट म्हणतो, तो जादा तास प्रत्यक्षात साध्या तासापेक्षा फक्त ७ टक्क्यांनी महाग पडतो. मालकाला नवीन माणूस घेण्याऐवजी आहे त्याच माणसाला दोन तास जास्त बसवणं का परवडतं, त्याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

व्हिएतनाममध्ये दीडपट ही करारातल्या पगारावर लागते. ५३,१०,००० ÷ २०८ = सुमारे २५,५३० डोंग, दीडपट ३८,२९० डोंग. आठवड्याच्या सुट्टीला काम केलं तर दुप्पट, सणाच्या सुट्टीला तिप्पट, आणि रात्रपाळीला ३० टक्के वर. तेव्हा ‘तिकडे दुप्पट, इकडे दीडपट’ हे वाक्य टिपणातून काढूनच टाका. त्याने वाचकाची दिशाभूल होते.

महिन्याला ४० तास जादा काम दोघांनी केलं असं धरून मांडू. बांगलादेश: १२,५०० + (४० × ६४.४२) = सुमारे १५,०७७ टका, म्हणजे १२४ डॉलर. व्हिएतनाम: ५३,१०,००० + १५,३१,७०० = ६८,४१,७०० डोंग. यातून कामगाराच्या वाट्याचा विमा १०.५ टक्के, म्हणजे ५,५७,५५० वजा केला की हातात ६२,८४,१५० डोंग, सुमारे २४२ डॉलर. कपातीनंतरही जवळजवळ दुप्पटच. हातात सारखीच रक्कम पडते, हा दावा कुठल्याही बाजूने मांडला तरी टिकत नाही.

मालकाच्या बाजूचं गणित निराळं. व्हिएतनाममध्ये तो सामाजिक विमा १७.५, आरोग्य विमा ३ आणि बेरोजगारी विमा १ असे मिळून २१.५ टक्के भरतो, शिवाय युनियनच्या निधीला २ टक्के. हे धरले की त्याच कामगाराचा महिन्याचा खर्च ८० लाख ९० हजार डोंगांवर जातो, साधारण ३११ डॉलर. बांगलादेशात दोन सणांचे बोनस (एक वर्ष नोकरी झालेल्याला, प्रत्येकी जास्तीत जास्त एका महिन्याच्या मूळ पगाराएवढा) बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १,११७ टका वाढतात आणि खर्च १३३ डॉलरच्या आसपास येतो. कामगाराला दिसणारं गुणोत्तर १.९५ आणि मालकाला दिसणारं २.३. टिपण कोणासाठी आहे ते आधी ठरवा आणि मग एकच गुणोत्तर शेवटपर्यंत वापरा. अर्ध्या लेखात एक आणि अर्ध्यात दुसरं, असं फार वेळा होतं.

आणखी एक खड्डा. व्हिएतनामचे विभाग चार आहेत: ५३.१ लाख, ४७.३ लाख, ४१.४ लाख आणि ३७ लाख. शिलाईचे कारखाने हो ची मिन्ह शहराच्या पट्ट्यातून मेकाँगच्या खोऱ्याकडे आणि उत्तरेत थान्ह होआसारख्या प्रांतांकडे सरकत गेले, त्यामागे हाही हिशेब आहे. चौथ्या विभागाचे ३७ लाख म्हणजे १४२ डॉलर. बांगलादेशच्या तुलनेत ते ४० टक्क्यांनी जास्त आहेत, दुप्पट नाहीत. बांगलादेशात मात्र साभार, गाझीपूर, नारायणगंज, चट्टग्राम सगळीकडे आकडा एकच. अपवाद निर्यात प्रक्रिया क्षेत्रांचा. त्यांना २०१९ चा स्वतंत्र श्रम कायदा आहे आणि वेतनाची अधिसूचनाही वेगळी निघते. तिथल्या कारखान्याचा आकडा बाकीच्यांत मिसळू नका.

---

काजबटण

वरचा हिशेब चोख आहे. त्यात कारखान्याच्या आतल्या दोन-तीन गोष्टी घालतो, कारण पगारपत्रकावरची रक्कम आणि दिलेल्या तासांची रक्कम या एकच असतात असं धरून चालणार नाही.

पहिली गोष्ट हजेरी भत्त्याची. दोन्ही देशांत तो आहे आणि दोन्हीकडे अट साधारण तीच: महिन्यात एक खाडा झाला किंवा काही वेळा उशीर झाला की पूर्ण महिन्याचा भत्ता जातो. बांगलादेशच्या कायद्यात पूर्ण पगारी आजारपणाच्या १४ रजा आहेत, किरकोळ रजा १०, सणांच्या (२०२५ च्या दुरुस्तीआधी) ११, आणि दर १८ दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा. कागदावर हे व्हिएतनामच्या १२ वार्षिक रजा आणि २०२५ मधल्या ११ सार्वजनिक सुट्ट्यांपेक्षा कमी दिसत नाही. पण ताप आला म्हणून एक दिवस घरी राहिलेल्या बाईचा हजेरी भत्ता जात असेल, तर ती हक्काची रजा तिने स्वतःच्या पैशाने विकत घेतली असा अर्थ होतो. तुलनेच्या तक्त्यात ‘रजा किती’ याच्या शेजारी ‘रजा घेतल्यावर काय कापलं जातं’ असा रकाना ठेवा. दुसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्याला किंमत नाही.

दुसरी गोष्ट टार्गेटची. शिलाईच्या लाइनवर तासाचं टार्गेट त्या नगाच्या ‘एसएमव्ही’वरून ठरतं, म्हणजे एक नग शिवायला लागणारी प्रमाणित मिनिटं. समजा नगाला १२ मिनिटं आणि लाइनवर ३० जण. ३० × ६० ÷ १२ = तासाला १५० नग, हे शंभर टक्के कार्यक्षमतेचं गणित. लाइन प्रत्यक्षात ६० टक्क्यांनी चालत असेल तर ९० नग निघतात. सुपरवायझरने १२० चं टार्गेट लावलं तर रोज तूट राहणार आणि ती भरून काढायला जेवणाच्या सुट्टीत किंवा कार्ड पंच केल्यानंतर काम होणार. हे तास कुठल्याच नोंदीत येत नाहीत. २०२३ मध्ये बांगलादेशात वेतन वाढल्यावर ‘टार्गेटही वाढवलं’ ही कामगारांची तक्रार याच धर्तीची आहे. वेतनवाढीचा हिशेब मांडताना त्याआधीचं आणि नंतरचं टार्गेट मिळालं तर जरूर घ्या.

तिसरी गोष्ट मजुरीच्या पद्धतीची. बांगलादेशात विणलेल्या आणि होजिअरीच्या कापडाचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत बहुतेकांना महिन्याचा पगार असतो, पण स्वेटरच्या कारखान्यांत नगावर मजुरी चालते. व्हिएतनाममध्येही नगावर मजुरी खूप ठिकाणी आहे. तिथे नियम असा की नेहमीच्या तासांत झालेल्या नगांची मजुरी किमान वेतनाच्या खाली गेली तर फरक मालकाने भरायचा. व्यवहारात काय होतं? जादा तासांतले नगही त्याच बेरजेत टाकले जातात, बेरीज किमान वेतनाच्या वर गेलेली दिसते आणि जादा कामाचा दीडपट दर गायब होतो. पगारपत्रकात नेहमीच्या तासांचे नग आणि जादा तासांचे नग वेगळे दाखवलेत का, एवढंच बघा. वेगळे नसतील तर तो आकडा तुलनेसाठी निरुपयोगी.

तासांच्या दोन-दोन वह्या असतात ही गोष्ट दोन्ही देशांतल्या तपासनीसांना पाठ आहे. पकडायची रीतही ठरलेली आहे. हजेरी वही किंवा पंचिंगची नोंद एका बाजूला ठेवायची आणि जिथे तारीख-वेळ लिहावीच लागते अशा दुसऱ्या नोंदी दुसऱ्या बाजूला: तुटलेल्या सुयांची वही, लाइनवरच्या गुणवत्ता तपासणीचे तासागणिक तक्ते, जनरेटरची वही, गेटवरची गाडीची नोंद, दवाखान्याचं रजिस्टर. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे वहीत चिकटवून वेळ आणि मशीन नंबर लिहावा लागतो, कारण कपड्यात धातूचा तुकडा गेला तर अख्खा माल परत येतो. या वहीत कोणी खोटं लिहीत नाही. हजेरी सांगते सगळे सातला गेले आणि सुईची वही सांगते सव्वानऊला चौदा नंबरच्या मशीनवर सुई तुटली, तर खरं काय ते कळलं. एखाद्या तपासणी अहवालात ‘जादा तास मर्यादेत’ असं लिहिलेलं असेल, तर हा ताळा घेतला होता का ते आधी पाहा.

---

आकडेशास्त्री

राहणीमानाचा मुद्दा राहिला आहे. ढाका स्वस्त आहे म्हणून फरक कमी, या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे, पण ते योग्य गुणकाने तपासायला हवं.

जागतिक बँकेच्या आकडेवारीत क्रयशक्तीचे, म्हणजे तेवढ्याच पैशात कुठे किती वस्तू मिळतात याचे, दोन गुणक मिळतात. एक पूर्ण देशांतर्गत उत्पन्नासाठी, दुसरा खासगी उपभोगासाठी. मजुरीसाठी दुसरा घ्यायचा. पहिल्यात पूल, यंत्रसामग्री आणि सरकारी सेवा यांच्या किमतीही असतात आणि शिलाई कामगार पूल विकत घेत नाही. किमतींची आंतरराष्ट्रीय पाहणी शेवटची २०२१ सालची आहे. त्यापुढच्या वर्षांचे गुणक महागाईच्या दराने पुढे ओढलेले असतात, त्यामुळे २०२१ नंतरचा आकडा वापरताना तसं लिहा. शिवाय गुणक अख्ख्या देशाचा असतो. साभार-आशुलियात कारखान्याजवळ एका खोलीचं भाडं आणि देशाची सरासरी यांत मोठी तफावत आहे, आणि हीच गोष्ट हो ची मिन्ह शहराच्या भोवतालच्या भाड्याच्या खोल्यांना लागू पडते.

म्हणून मी नेहमी जोडीला वेळेचं माप सुचवतो. आठ-दहा वस्तू घ्या: मध्यम प्रतीचा तांदूळ, खाद्यतेल, अंडी, मसूर किंवा टोफू, स्वयंपाकाचा गॅस, कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरची खोली, शाळेची फी. प्रत्येक वस्तू मिळवायला किती मिनिटं काम करावं लागतं ते काढा. वस्तूची किंमत भागिले तासाची हातात येणारी मजुरी, गुणिले ६०. चलन बदलायची गरजच उरत नाही, विनिमय दराचा खेळ संपतो. मात्र तासाची मजुरी काढताना जादा तास वर आणि खाली दोन्हीकडे घ्या: १५,०७७ टक्यांना २४८ तासांनी भागायचं, २०८ ने नाही. ही चूक अगदी छापील अहवालांतही सापडते, आणि तिच्यामुळे जो जास्त राबतो तो श्रीमंत दिसतो.

विनिमय दराचा खेळ किती मोठा असतो ते बांगलादेशच्याच उदाहरणात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये डॉलर साधारण ११० टक्यांना होता, तेव्हा १२,५०० चे ११३-११४ डॉलर होत. आता १२२ च्या दराने १०२ होतात. टक्यांतला पगार तोच, महागाई मधल्या काळात वर्षाला ९-१० टक्क्यांच्या घरात, आणि परदेशी खरेदीदाराला मात्र मजूर १० टक्क्यांनी स्वस्त झालेला दिसतो. जुन्या कामगाराला दर वर्षी मूळ पगारावर ५ टक्के वाढ मिळते, डिसेंबर २०२४ पासून त्यात ४ टक्क्यांची जादा भर पडली. पण आज नव्याने लागणाऱ्या हेल्परचा तळ आहे तिथेच आहे.

इथे दोन्ही देशांतली वेतन ठरवायची पद्धत समोर ठेवा. बांगलादेशचं वेतन मंडळ २०१३, २०१८, २०२३ असं पाच-पाच वर्षांनी बसलं. त्यामुळे प्रत्येक वेळी उडी मोठी, मागणी आणि देकार यांत दरी मोठी आणि रस्त्यावरचा संघर्ष तीव्र. २०२३ मध्ये कामगारांची मागणी २३,००० ची होती, मालकांचा पहिला देकार १०,४०० चा, आणि त्या आंदोलनात कामगारांचे जीव गेले. व्हिएतनाममध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना यांची राष्ट्रीय वेतन परिषद आहे. तिच्या शिफारशीवरून जुलै २०२२ मध्ये ६ टक्के, जुलै २०२४ मध्ये ६ टक्के आणि जानेवारी २०२६ पासून सरासरी ७.२ टक्के वाढ झाली. एकाच तारखेचे आकडे घेऊन तुलना केली तर बांगलादेश वाढीनंतर लगेच बरा दिसतो आणि चौथ्या वर्षी फार वाईट. निदान दहा वर्षांची मालिका घ्या, महागाई वजा करून.

प्रत्यक्ष मिळकतीसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकडेवारीत जा आणि उद्योगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला विभाग १४ (कपडे) निवडा. १३ म्हणजे सूत आणि कापड, १५ म्हणजे चामडं आणि पादत्राणं. ‘वस्त्रोद्योग’ म्हणून तिन्ही एकत्र केले की व्हिएतनामचा मोठा पादत्राण उद्योग आत येतो आणि सरासरी हलते. आकडा कुटुंबांच्या श्रमबल पाहणीतला आहे की कारखान्यांच्या पाहणीतला, हेही तपासा. पहिल्यात छोटे ठेकेदारी कारखानेही येतात, दुसऱ्यात बहुधा नोंदणीकृत मोठेच.

---

मोजपट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. ७ टक्क्यांचं गणित तर टिपणाच्या मध्यभागीच येईल.

आणखी दोन शंका. व्हिएतनामची १०.५ टक्के कपात कामगाराचा तोटा म्हणून मांडावी की बचत म्हणून? आणि संघटनेचं स्वातंत्र्य कसं मोजावं? बांगलादेशने आंतरराष्ट्रीय करार केव्हाच स्वीकारले आहेत आणि व्हिएतनामने अर्धेच, पण त्यावरून निष्कर्ष काढायला मन धजत नाही.

---

हक्कनोंद

कपातीचं आधी. १०.५ टक्क्यांत ८ टक्के पेन्शनच्या निधीत, दीड टक्का आरोग्य विम्यात आणि एक टक्का बेरोजगारी विम्यात जातो. यातून आणि मालकाच्या हप्त्यांतून मिळतं काय? सहा महिन्यांची बाळंतपणाची रजा, आधीच्या सहा महिन्यांच्या विमापात्र पगाराच्या सरासरीएवढी पूर्ण रक्कम, आणि ती विमा निधीतून. नोकरी गेली तर सरासरीच्या ६० टक्के भत्ता, २४ महिन्यांत किमान १२ महिने हप्ते भरलेले असले की. बांगलादेशच्या शिलाई कामगाराला बेरोजगारी विमा नाहीच. त्यामुळे कपात वजा करून हातातली रक्कम लिहा, पण शेजारी तिच्या बदल्यात काय मिळतं ते लिहा.

बाळंतपणाच्या रजेत दिवसांपेक्षा पैसा कोणाच्या खिशातून जातो हे जास्त महत्त्वाचं आहे. बांगलादेशच्या २००६ च्या कायद्यात १६ आठवडे होते आणि रक्कम मालकाने स्वतः द्यायची. मालकाच्या दृष्टीने गरोदर बाई हा थेट खर्च ठरतो. मग नोकरीचे सहा महिने पूर्ण होण्याआधी कामावरून कमी करणं, राजीनामा लिहून घेणं, परत आल्यावर नव्याने भरती दाखवून जुनी नोकरी पुसणं, असे प्रकार होतात. व्हिएतनाममध्ये पैसा निधीतून येत असल्याने हा दबाव खूप कमी आहे, फक्त मालकाने हप्ते भरलेले हवेत. तिथे दुखणं तेच आहे: पगारातून कपात झाली, पण हप्ते निधीत पोहोचलेच नाहीत, आणि कारखाना बंद पडल्यावर ते कळलं. शिवाय जेवण, प्रवास, घर, मुलांचा सांभाळ यांचे भत्ते विम्याच्या हिशेबात येत नाहीत. म्हणून मालक करारातला पगार किमान वेतनाला चिकटवून ठेवतो आणि बाकीचं भत्त्यांत देतो. बांगलादेशात मूळ पगार लहान ठेवून जे साधतात, तेच इथे दुसऱ्या वाटेने.

ही बचत आहे की तोटा, याचं उत्तर कामगारांनी स्वतः एकदा दिलं आहे. मार्च २०१५ मध्ये हो ची मिन्ह शहरात पादत्राणांच्या एका प्रचंड कारखान्यातून हजारो कामगार बाहेर पडले, कारण नव्या कायद्यात नोकरी सोडल्यावर जमा रक्कम एकरकमी काढायची सोय जाणार होती. सरकारने माघार घेतली. शिवणकामात चाळिशीनंतर टिकणं कठीण, मग साठीच्या पेन्शनची वाट कोण बघणार? हा व्यवहारी विचार होता. २०२४ च्या सामाजिक विमा कायद्याने जुलै २०२५ पासून पेन्शनसाठीची अट २० वर्षांच्या हप्त्यांवरून १५ वर आणली, पण त्यानंतर नव्याने दाखल होणाऱ्यांसाठी एकरकमी काढण्याची वाट बरीच अरुंद केली. तेव्हा कपातीतले ८ टक्के आणि अडीच टक्के वेगळे दाखवा. अडीच टक्क्यांचा लाभ नोकरीच्या काळात मिळतो, आठ टक्क्यांचं मूल्य कामगार किती वर्षं टिकतो त्यावर आहे.

संघटनेबद्दल तुमची शंका रास्त आहे. बांगलादेशने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे, संघटना स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा आणि सामूहिक वाटाघाटीचा ९८ क्रमांकाचा, असे दोन्ही करार १९७२ मध्येच स्वीकारले. व्हिएतनामने ९८ वा २०१९ मध्ये स्वीकारला, ८७ वा नाही. एवढ्यावर बांगलादेश पुढे दिसतो. पण तिथे युनियन नोंदवायला कारखान्यातल्या ३० टक्के कामगारांची सदस्यता लागे, २०१८ च्या दुरुस्तीने ती २० वर आली. २०२५ च्या दुरुस्तीपर्यंत पाच हजारांच्या कारखान्यात २० टक्के म्हणजे हजार सह्या लागत, आणि त्या जमवताना पुढे आलेल्यांची नावं मालकापर्यंत पोहोचायला वेळ लागत नसे. व्हिएतनाममध्ये युनियन जवळपास प्रत्येक मोठ्या कारखान्यात आहे, पण ती एकाच राष्ट्रीय महासंघाची, आणि कारखान्यातला तिचा अध्यक्ष बऱ्याचदा व्यवस्थापनातलाच. तिथले बहुतेक संप युनियनला बाजूला ठेवूनच होतात, कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, आणि तरीही स्थानिक अधिकारी येऊन दोन दिवसांत तडजोड घडवतात. म्हणून ‘युनियन आहे का’ याऐवजी तीन गोष्टी विचारा: लेखी वेतन करार झाला आहे का, त्यात कायद्यापेक्षा जास्त काय मिळालं, आणि मागच्या संपानंतर किती जणांना कामावरून काढलं किंवा किती जणांवर गुन्हे दाखल झाले. तिसऱ्या प्रश्नावर बांगलादेशचं चित्र फार वाईट आहे. २०२३ च्या आंदोलनानंतर हजारो अनामिक लोकांवर गुन्हे नोंदवले गेले. अशी नावाविना तक्रार कुठल्याही कामगाराच्या डोक्यावर महिनोन्‌महिने टांगती राहते.

सुरक्षिततेत मात्र उलटं घडलं आहे आणि ते मोकळेपणाने लिहायला हवं. २४ एप्रिल २०१३ ला साभारमधली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं. त्याच्या पाच महिने आधी ताझरीन या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत शंभराहून जास्त. त्यानंतर मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात जो करार झाला, तो खरेदीदारांवर कायद्याने बंधनकारक होता आणि तपासणीचे अहवाल कारखान्यांच्या नावानिशी जाहीर होत. कुलूप लागणारे दरवाजे, आगीला न टिकणारे जिने, खांबांवरचा भार, विजेच्या तारा यांची यादी करून एकेक दुरुस्ती तपासली गेली. २०२० मध्ये हे काम आरएससी या स्थानिक संस्थेकडे गेलं. इमारतीच्या सुरक्षिततेची कारखानानिहाय जाहीर माहिती आज बांगलादेशसाठी जेवढी मिळते तेवढी व्हिएतनामसाठी मिळत नाही. या करारात न आलेल्या छोट्या ठेकेदारी कारखान्यांना मात्र हे लागू नाही, आणि मोठ्या कारखान्याची ऑर्डर गर्दीच्या हंगामात तिकडेच सरकते.

---

श्रमगणित

@हक्कनोंद, तासांची कायदेशीर मर्यादा राहिली, ती जोडतो. व्हिएतनाममध्ये कपडे उद्योगाला वर्षाला ३०० तास जादा काम चालतं, महिन्याला ६० च्या आत. बांगलादेशात आठवड्याला एकूण ६० तास, पण वर्षाची सरासरी ५६, म्हणजे वर्षाला सुमारे ४१६ जादा तास. वर सरकार अधूनमधून अधिसूचना काढून या उद्योगाला आणखी सूट देत आलं आहे.

म्हणून @मोजपट्टी, माझं ४० तासांचं उदाहरण वर्षभर ताणू नका. ४० × १२ = ४८० तास होतात आणि ते दोन्ही देशांत मर्यादेबाहेर जातात. वार्षिक मिळकत काढायची असेल तर व्हिएतनामला महिन्याला सरासरी २५ तास धरा आणि बांगलादेशलाही तेच २५, म्हणजे तास समान राहतील. शिवाय बांगलादेशच्या श्रम कायद्यात २०१३, २०१८ आणि २०२५ मध्ये दुरुस्त्या झाल्या आहेत. कलम देताना ते कोणत्या वर्षीच्या दुरुस्तीनंतरचं आहे ते प्रत्येक ठिकाणी लिहा. रजा, युनियनची टक्केवारी आणि वेतन मंडळाची मुदत या तिन्ही ठिकाणी जुनी आणि नवी कलमं एकत्र फिरताना दिसतात.